खकाण्यातली लिची

बसाप्पा आण्णांच्या मनगटावर घड्याळ नव्हतं, सेंट होतं. किती वाजले असं कुणी विचारलं की ते मनगट नाकापाशी नेत, डोळे मिटून लांब श्वास घेत आणि सांगत, "अजून फळ चालू हाय. धा वाजायचं हायत." अकरानंतर विचारलं तर म्हणत, "आता फूल लागलं बगा." आणि दुपारी तीन-चारच्या सुमाराला, "लाकडावर आलं. चहा टाकायला हरकत न्हाय."

फळ, फूल आणि लाकूड हे सगळं सिंगापूरहून आलेल्या एका भारी सेंटच्या बाटलीतलं. आणि ते लावून आण्णा दिवसभर बसत कुठं, तर मिरची कुटायच्या डंखावर.

डंख ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते. पत्र्याची शेड असते. आत लोखंडी उखळांची रांग आणि मोटारीवर वरखाली होणारी जाड मुसळं. बायका घरून मिरच्या, धणे, तीळ, खोबरं भाजून आणतात आणि वर्षभराची चटणी कुटून नेतात. कोल्हापुरात चटणी म्हणजे हीच, तांबडी, आमटीपासून रश्श्यापर्यंत सगळ्यात पडणारी. कुटताना मिरचीची जी भुकटी हवेत उडते तिला खकाणा म्हणतात. मार्च ते मे आमच्या शेडीवरून जाणारा माणूस नाकाला रुमाल लावून पळायचा. सायकलवाला असला तर एका हाताने सायकल चालवायचा. कुत्री रस्ता बदलायची. त्या खकाण्याच्या मधोमध, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात पांढरा सदरा, खांद्यावर टॉवेल अशा थाटात आण्णा स्टुलावर बसलेले असत. आणि त्यांच्या कानामागून वास येई तो लिचीचा.

मी तिथं कामाला होते. माझं माहेर वाशीमकडचं. सातवीत शाळा सुटली, पुढे लग्न झालं, आणि आमचे हे इथल्या साखर कारखान्यात हंगामी कामाला लागले म्हणून एक दिवस आणि एक रात्र गाडीत बसून मी कसबा बावड्याला आले. नव्वदचं दशक संपत आलेलं. इथली भाषा मला कळेना, माझी इथं कुणाला कळेना. त्यात मी मुळातच भित्री. दुकानात जाऊन मीठ मागायचं तरी मी घरून वाक्य पाठ करून जायची.

पहिल्या उन्हाळ्यात किलोभर मिरच्या घेऊन डंखावर गेले आणि रांगेत जी येईल तिला पुढे जाऊ देत राहिले. संध्याकाळ झाली तरी माझा नंबर लागला नाही. शेवटी शेड रिकामी झाली तेव्हा आण्णांनी विचारलं, "पावणं कुठलं?"

"वाशीमचे."

"लई लांबनं आलीस की. आणि सकाळधरनं मागं मागं का सरकालीस?"

"मले भेव लागते."

"कशाचं?"

"सगळ्याईचंच."

आण्णांनी माझ्या मिरच्या उखळात ओतल्या. मोटार सुरू करायच्या आधी म्हणाले, "उद्यापासनं कामाला ये. हितं आवाज एवढा असतोय, भ्यालीस तरी कुणाला कळायचं न्हाय."

अशी मला नोकरी लागली. वर्षभराने शेडीमागची खोलीही त्यांनीच दिली. ह्यांचा कारखाना सहा महिने चालायचा आणि सहा महिने बंद असायचा, पण डोक्यावर आण्णांचं छप्पर होतं म्हणून आम्ही टिकलो. मी त्यांची चाळणी धरायची, पोती लावायची, बायकांचे डबे सांभाळायची. ते मला 'वऱ्हाडणी' म्हणत. आण्णा गडहिंग्लजच्या पलीकडचे, घरात कानडी. राग आला की ते कानडीत जात. त्यामुळे त्यांनी मला रागावून नक्की काय काय म्हटलं ते मला आजही ठाऊक नाही, आणि हे माझ्या पथ्यावरच पडलं.

सेंट पाठवलं होतं त्यांच्या मुलीने. सुमंगला, आण्णा तिला सुमी म्हणत, आम्ही सुमाक्का. एकुलती एक. ती नववीत असताना तिची आई गेली. पुढे ती खूप शिकली, लग्न झालं आणि सिंगापूरला गेली. ती गेली त्याच वर्षी पहिली बाटली आली. मग दर वर्षी, कुणी येणारं-जाणारं असलं की त्याच्या हाती एक बाटली. जाड काचेची, चौकोनी, हातात घेतली तर मापाच्या वजनासारखी जड. झाकण लोहचुंबकाने टक्कन बसायचं. आण्णा आलेल्या प्रत्येकाला ते झाकण उघडून-लावून दाखवत. "ऐका. ट्रंकेला असलं झाकण पायजे."

फक्त एक गोष्ट त्यांना पटली नाही, ती म्हणजे बाटलीवरचा फवारा. "फवारा उसावर मारत्यात. माणूस काय कीड हाय?" असं म्हणून त्यांनी एका भांडी सांधणाऱ्याकडून तो फवारा काढवला आणि बाटलीच्या तोंडाला औषधाच्या बाटलीचं रबरी बूच बसवलं. सकाळी अंघोळ, पूजा, विभूती, मग कापसाचा बोळा भिजवून दोन्ही कानांमागे, दोन्ही मनगटांवर, आणि उरला तो बोळा उजव्या कानाच्या पाळीत. सिंगापूरचं सेंट अत्तरासारखं लावणारा तो जगातला एकच माणूस असावा.

पहिल्या बाटलीबरोबर सुमीचं पत्र होतं. त्यात तिने वासाची सगळी वाटचाल लिहिली होती. आधी लिची आणि लाल आलुबुखार, मग गुलाब आणि पिओनी, आणि शेवटी देवदाराचं लाकूड. लिची म्हणजे काय हे बावड्यात कुणाला माहीत नव्हतं. आण्णा शाहूपुरीत जाऊन कुठूनसं पाव किलो घेऊन आले आणि डंखावरच्या सगळ्या बायकांना एकेक वाटली. "खावा, आणि मग माझ्या मनगटाचा वास घ्या." पिओनी मात्र कोल्हापुरात मिळेना. मी विचारलं तर म्हणाले, "तिकडचं फूल हाय ते. आपल्या शेवंतीचं शिकल्यालं भावंड समज."

बावड्यातली एक बाई मात्र हे सेंट खपवून घ्यायला तयार नव्हती, ती म्हणजे हौसाकाकू. शेतकरी घरातली, सहा म्हशींची मालकीण, आवाज असा की डंख चालू असतानाही समोरच्याला ऐकू जायचा.

"बसाप्पा, ह्यो बायकी वास कशाला लावतोस रे? मिशा हायत न्हवं तुला?"

"काकू, ह्ये बायकी न्हवं. बाय-गडी दोघांस्नीबी चालतंय. पत्रात लिवलंय तसं."

"दोघांस्नी चालायला त्यो काय टॉवेल हाय?"

"चहा चालतोय न्हवं दोघांस्नी? चहाला मिशा इचारत्यात?"

काकू निरुत्तर व्हायच्या नाहीत, पण पोतं उचलून आत यायच्या. कारण चटणी त्यांना आण्णांकडूनच हवी असायची. आण्णांच्या नाकाला मान होता. कुणीही भाजलेला मसाला आणला की ते आधी त्या बाईच्याच नाकापुढे डबा धरत. "घ्या वास. काय म्हणतंय नाक?" बाई वास घेई. आण्णा तिच्या तोंडाकडे बघत. मग स्वतः डोळे मिटून एकदा हुंगत आणि निकाल देत. "धणं कच्चं हायत. घरला जाऊन परत भाजून आण." निकाल कधी चुकत नसे. बायका म्हणत, असलं नाक हजारात एक.

दर रविवारी सुमीचा फोन येई. शेडीतल्या काळ्या फोनवर आण्णा मोठ्यांदा बोलत. सिंगापूर लांब आहे, त्या मानाने आवाज काढला पाहिजे असं त्यांचं मत. "लावलंय की. आता फूल चालू हाय. व्हय, पिओनी. लई ग्वाड." मग फोन ठेवून थोडा वेळ ते मोटारही सुरू करत नसत.

मग एका वर्षी शिमगा उरकला आणि हंगाम भरात आला. एके सकाळी आण्णा बाहेर गेले होते. मी शेडीतला देवाचा कोनाडा पुसत होते. बाटली तिथंच असायची, पत्राच्या घडीवर. मी ती झाकणाला धरून उचलली. झाकणाबरोबर बूचही निघालं, बाटली कलंडली, आणि भरल्या बाटलीतलं सगळं सेंट खाली उघड्या पोत्यात गेलं. पोत्यात हौसाकाकूंची पाच किलो ब्याडगी मिरची होती, खडखडीत वाळलेली. मी वाकून बघेपर्यंत तिने सगळं पिऊनसुद्धा टाकलं होतं.

त्या वेळी मी काय करायला हवं होतं ते आज मला कळतं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की ही सुमीची बाटली आहे, हे काम गेलं तर खोली गेली, आणि खोली गेली तर आम्ही परत वाशीमला. मी घरातलं हळदीकुंकवाचं गुलाबपाणी आणलं, बाटलीत भरलं, बूच लावलं, वर झाकण टक्कन बसवलं. तेवढ्यात आण्णा परतले, पाठोपाठ काकू आल्या आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांच्या मिरच्या उखळात पडल्या. शेडीत वास दरवळला तो आण्णांचाच, असं सगळ्यांनी धरलं.

त्या दिवशी माझ्या हातांना ते सेंट लागलेलं होतं. साबणाने चारदा धुतले तरी जाईना. मी आयुष्यात पहिल्यांदा असलं काही लावलं होतं, तेही चोरून आणि चुकून. सकाळी हाताला फळ होतं, ओलं, थंड, जिभेवर पाणी आणणारं. दुपारी चाळणी धरताना फूल लागलं. कुठलं ते मला ओळखू येईना, पण आमच्या गावच्या ओढ्यापलीकडे कुणाच्या तरी बागेवरून चालत असावं तसं वाटलं. आणि संध्याकाळी भाकरी थापताना लाकूड आलं. सातवीत आमच्या शाळेत नवे बाक आले होते, अगदी तसं. मी त्या बाकावर तीन आठवडे बसले होते. ह्यांनी जेवताना विचारलं, "कोणाच्या लग्नाले गेली होती काय वो?" मी नाही म्हटलं आणि भीतीच्या पोटीही मला वाटून गेलं की पत्रात लिहिलेलं सगळं खरं आहे.

दुसऱ्या सकाळी आण्णांनी बोळा भिजवला, कानामागे लावला, मनगट हुंगलं. मी पोत्यामागे उभी होते.

"वा," आण्णा म्हणाले. "आज लिची लईच ताजी हाय."

मला वाटलं, बाटलीला जुना वास राहिला असेल. पण दुसऱ्या दिवशीही लिची, तिसऱ्या दिवशीही लिची. अकराला फूल, तीनला लाकूड.

पाचव्या दिवशी हौसाकाकू आल्या. हातात चटणीचा डबा, मागे पदर खोचलेला.

"बसाप्पा, वास घे ह्येचा. काल मटण केलं. मालक दोन घास खाऊन उठलं नि मला म्हणालं, रश्श्यात कुणाचं लगीन लागलंय?"

आण्णांनी डबा घेतला. डोळे मिटले. लांब श्वास घेतला, एकदा, पुन्हा एकदा. मी खांबाला धरून उभी होते. आता संपलं, असं मनाशी म्हणत होते.

"खोबरं जरा जास्ती भाजलंय काकू," आण्णा म्हणाले. "बाकी चटणी फसकिलास."

"खोबरं?" काकूंनी डबा घेऊन माझ्या नाकाखाली धरला. "तू सांग गं वऱ्हाडणी. खोबरं हाय ह्ये?"

डब्यातून लिची, गुलाब, पिओनी, देवदार, सगळी एकदम बाहेर आली. जणू डब्यात आण्णाच बसले होते. मी आण्णांकडे बघितलं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, जसे सगळ्या बायकांच्या तोंडाकडे बघत तसे, बारीक डोळे करून, वाट बघत. आणि मला एकदम सगळं कळलं.

"खोबरंच हाय काकू," मी म्हटलं.

"दोघांचीबी नाकं कापून गणपतीबरूबर बुडवा," काकू म्हणाल्या आणि डबा घेऊन निघून गेल्या. ती चटणी त्यांनी टाकली मात्र नाही. दह्याबरोबर बरी लागते, असं पुढे एकदा कबूल केलं.

त्या माणसाला वासच येत नव्हता. वर्षानुवर्षं खकाण्यात बसून नाक कधीच गेलं होतं. निकाल ते बायकांच्या चेहऱ्यावरून देत होते. वेळ कळायची ती पत्र्याच्या भोकातून जमिनीवर पडणाऱ्या उन्हाच्या ठिपक्यावरून. आणि लिची, फूल, लाकूड हे सगळं मुलीच्या पत्रातलं पाठ केलेलं होतं.

मी कुणाला काही बोलले नाही. ह्यांनाही नाही. रोज सकाळी आण्णा गुलाबपाणी लावून फळ, फूल, लाकूड सांगत राहिले, आणि मी मान हलवत राहिले. फसवतंय कोण कुणाला, याचा हिशोब मला लागत नव्हता.

मग मेच्या सुरुवातीला फोन आला. सुमी येणार होती, दोन वर्षांच्या मुलाला घेऊन, चार दिवस. नातू आण्णांनी फोटोतच बघितला होता. त्यांनी शेडीला चुना मारला, स्टुलाला रंग दिला, कॉट दुरुस्त करून आणली. आणि रोज मला सांगत, "सुमी आल्या आल्या वास वळखणार बग. पप्पांनी सेंट लावलंय म्हणणार."

ती वास घेणार आणि गुलाबपाणी ओळखणार, याची मला खात्रीच होती. आदल्या दिवशी दुपारी मला राहवेना. शेडीत गर्दी होती, मोटार चालू होती. मी आण्णांच्या जवळ जाऊन म्हटलं, "आण्णा, ते सेंट माह्या हातानं सांडलं."

"काय?"

"सेंट सांडलं. बाटलीत गुलाबपाणी हाय."

आण्णांनी मोटार बंद केली. बायकांना म्हणाले, "आज बंद. परवा या." भर हंगामात डंख बंद झालेला कुणी पाहिला नव्हता. बायका बडबडत गेल्या. शेडीत आम्ही दोघंच उरलो.

"कवा सांडलं?"

"शिमग्यानंतर."

आण्णा बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत राहिले. "म्हंजे दोन महिनं मी गुलाबपाणी लावून लिची लिची करालोय."

मी रडायला लागले. मी म्हटलं, खोली सोडायला सांगा, पण आमच्या ह्यांना काही बोलू नका, त्यांचा काही दोष नाही. आण्णांनी ते ऐकलंच नाही.

"कुणाला बोललीस?"

"नाई."

"काकूला?"

"नाई आण्णा."

ते स्टुलावर बसले. "पैल्यांदा हिंग गेला," ते म्हणाले. "मग धणं. मग कांदा. जिरं लई दिवस टिकलं. एक दिवस त्येबी गेलं. सुमी धावीत व्हती." मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "वऱ्हाडणी, खरं सांग. माझ्या अंगाला मिरचीचा वास येतोय काय?"

मी भित्री असले तरी त्या क्षणी खोटं बोलता आलं नाही. "येतो, आण्णा."

"सेंट लावलं तरी?"

"खरं सेंट होतं तवा कमी यायचा."

त्यांनी मान हलवली. आणि मग जे सांगितलं ते अगदी साधेपणाने, कुणाबद्दल तक्रार न करता. सुमी नववीत असताना शाळेत बक्षीस समारंभ होता. तिला पहिलं बक्षीस. आण्णा डंखावरून तसेच उठून गेले आणि पुढून दुसऱ्या रांगेत बसले. आधी शेजारचा माणूस शिंकला, मग मागची रांग, मग पुढची. शेवटी पाहुणे माईकमध्ये शिंकले. मुली हसायला लागल्या. घरी आल्यावर सुमी म्हणाली, "पप्पा, तुम्ही शाळेत येऊ नका. तुमच्या अंगाला वास येतो."

"खरंच बोलली पोर," आण्णा म्हणाले. "तवापासनं मी कुठं तिच्याजवळ गेलो न्हाय. शाळंला गेलो तर फाटकाभायेर. तिच्या लग्नात तीनदा अंघोळ केली आणि मांडवाच्या कडंला उभारलो. माझं मलाच कळत न्हाय न्हवं, वास येतोय का न्हाय. मग सिंगापुरास्नं बाटली आली. पोरगी शानी. तोंडानं बोलली न्हाय, बाटली धाडली."

आण्णा उठले. "आता काय करूया ते सांग. उद्या सकाळी गाडी हाय."

पुढचा अर्धा दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. आधी बेसन आणि दही. मग ताक. मग शिकेकाई. ह्यांनी लिंबाचा उपाय सांगितला, तोही केला. प्रत्येक अंघोळीनंतर आण्णा ओल्या अंगावर टॉवेल गुंडाळून मोरीच्या दारात येत आणि मी हातभर अंतरावरून वास घेऊन सांगे, "अजून हाय." ते परत आत जात. सदरा तीनदा धुतला. शेवटी मी म्हटलं, "आता जास्त करून ताकाचा येऊन रायला." आण्णा म्हणाले, "ताक चालंल."

सकाळी निघताना त्यांनी मला हाक मारली. "तूबी चल टेशनावर. वास कळायला कोणतरी पायजे."

खोलीबद्दल ते तेव्हाही काही बोलले नाहीत आणि नंतरही कधी नाही. तिथंच आम्ही पुढे सात वर्षं राहिलो. आता त्या जागेवर मोबाईलचं दुकान आहे.

स्टेशनात आल्यावर आण्णांनी खिशातून कापसाची पुंजकी काढली आणि हवेत सोडली. ती जिकडे गेली तिकडे चालत ते फलाटाच्या अगदी टोकाला जाऊन उभे राहिले. त्यांचा बाप धान्य वारवताना असंच वारं बघायचा म्हणे.

"इतक्या दूर काऊन उभे रायले?" मी विचारलं.

"वारं तिकडनं हिकडं हाय. तिचा वास माझ्याकडं यील. माझा तिच्याकडं जायचा न्हाय."

गाडी आली. माणसं उतरली, हमाल धावले, फलाट हळूहळू रिकामा झाला. सुमाक्का मधोमध उभी राहिली, कडेवर पोर, पायाशी दोन बॅगा, आणि इकडे तिकडे बघत होती. आण्णा तिला बघत होते, पण हाक मारत नव्हते. शेवटी मीच ओरडले, "सुमाक्का." माझा एवढा मोठा आवाज मी स्वतः पहिल्यांदाच ऐकला.

ती आमच्याकडे यायला लागली आणि तिच्या आधी वाऱ्यावर तो वास आला. मी आण्णांच्या कानाशी म्हटलं, "आण्णा, तेच सेंट हाय. सुमाक्कानंबी तेच लावलंय."

आण्णांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी काहीतरी चुकीचं बोलले असावं. "तिला कशाला पायजे?" ते म्हणाले. "तिला कुठं मिरची कुटायची असती?"

उत्तर द्यायला वेळ नव्हता. सुमाक्का समोर आली. आण्णा एक पाऊल मागे सरले. ती थांबली नाही. ती आणखी पुढे आली आणि पोर सरळ त्यांच्या हातात दिलं. पोराने त्यांच्या मानेत तोंड खुपसलं आणि शिंकलं. मग पुन्हा शिंकलं. लागोपाठ चार वेळा.

आण्णांनी त्याला दोन्ही हातांनी पुढे धरलं, चुलीवरनं उतरवलेलं पातेलं धरावं तसं. त्यांचा चेहरा मला बघवेना.

"असू दे, पप्पा," सुमाक्का म्हणाली. "घ्या त्याला जवळ. गाडीतल्या एसीनं सर्दी झालीय."

"सर्दी?"

"हो. कालपासून."

आण्णांनी पोराला हळूच परत खांद्यावर घेतलं.

ते चार दिवस त्या पोराचं सगळं मीच करत होते. तोंड धुणं, भरवणं, निजवणं. त्याचं नाक कोरडं होतं. पहिल्या दिवसापासून कोरडं. तिसऱ्या दिवशी मी त्याचं नाक पुसायला गेले आणि नुसता रुमाल परत कमरेला खोचला, तेव्हा सुमाक्का दारातून बघत होती. आमची नजरानजर झाली.

आण्णांनी मात्र चारही दिवस डंख बंद ठेवला. चटणीचं विचारायला जी बाई येई तिला ते दारातच सांगत, "आज जमायचं न्हाय. पोराला सर्दी झालीया. एसीची." हौसाकाकूंना त्यांनी ही बातमी दोनदा सांगितली. सकाळ-संध्याकाळ ते स्वतः ओवा, आलं आणि गुळाचा काढा उकळत. सुमाक्का पोराला त्यांच्या मांडीवर बसवायची, आपण त्यांना अगदी लागून बसायची आणि पोराचे हात धरायची. पोरगं तोंड फिरवायचं, रडायचं, सगळा काढा आण्णांच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडायचा.

"पाजा पप्पा," सुमाक्का म्हणायची. "अजून एक चमचा. अजून गेली नाही सर्दी."